जाडीची वही

सुखदेव बन्सोड हे नाव या अंकाच्या वाचकांपैकी फार तर चार-पाच जणांना ठाऊक असेल, तेही पूर्वी सेक्टर दोनमध्ये राहणाऱ्यांना. माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं त्यात सगळ्यात मोठा वाटा त्यांचा आहे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करतो. बन्सोड काका भिलाईतल्या एका इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन होते. ते निवृत्त झाल्यावर त्याच खोलीत, त्यांच्याच स्टुलावर मी बसलो, आणि आता माझीही निवृत्ती जवळ आली आहे.

माझे वडील डोंगरगडला रेल्वेत गँगमन होते. घरात मराठी, शाळेत हिंदी. आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेला मी पहिला, पण पदवी हातात घेऊन पुढे काय करायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. काका आमच्या नात्यातले नव्हते, वस्तीतल्या एका लग्नात भेटले. त्यांनी मला रेडिओग्राफीच्या डिप्लोमाचा फॉर्म आणून दिला, तो भरताना शेजारी बसले आणि परीक्षेला स्वतः रायपूरला घेऊन गेले. वडिलांना मात्र धास्ती होती.

"त्या किरणानं माणूस आतून वाळते म्हणतात," वडील म्हणाले.

काकांचं पोट शर्टाची बटणं ताणून बसलेलं असायचं. त्यावर हात ठेवून ते म्हणाले, "मी वाळलेलो दिसतो का तुमाले?"

वडील हसले, आणि माझी वाट मोकळी झाली.

आमचं काम बाहेरच्यांना वाटतं तितकं बटण दाबण्याचं नाही, निदान तेव्हा नव्हतं. फिल्मच्या काळात प्रत्येक माणसासाठी किरणांचा जोर वेगळा ठरवावा लागे. जाड माणसाला जास्त, बारीक माणसाला कमी. अंदाज चुकला तर फिल्म एक तर पांढरी फटक यायची, नाही तर काळी ठिक्कर. त्यासाठी आमच्याकडे कॅलिपर असे. दोन दांड्यांची सरकपट्टीच ती. एक दांडी पाठीला, दुसरी छातीला, आणि मधलं अंतर सेंटिमीटरमध्ये वाचायचं. त्याची दुप्पट करायची, मशीनचा ठरलेला आकडा मिळवायचा, की जोर निघाला. लोक विचारायचे, "सफारी शिवून राहिले का, साहेब?"

एक जण पेशंटजवळ उभा राहून मोजायचा आणि शिशाच्या भिंतीमागे बसलेल्या दुसऱ्याला ओरडून सांगायचा, "छाती बावीस!" तो मशीन लावायचा आणि वहीत लिहायचा. नाव, तारीख, कोणता भाग, किती जाडी. तोच माणूस पुन्हा आला तर मागचा आकडा पाहून घ्यायचा आणि फिल्म वाया जाऊ द्यायची नाही, एवढाच वहीचा हेतू. बाकी इस्पितळात तिला कोणी किंमत देत नव्हतं. काका मात्र ती रोजच्या रोज चाळायचे. एकदा एक क्रेन ऑपरेटर वार्षिक तपासणीला आला. मी ओरडलो, "छाती वीस!" काका भिंतीमागून बाहेर आले आणि त्याच्याकडे पाहत राहिले.

"गेल्या साली चोवीस होती तुमची. खाणं सोडलं का?"

"नाही जी, उलट लय भूक लागते. पाणी तर बादलीनं पितो."

काकांनी त्याला थेट डॉक्टरांकडे नेलं. साखर निघाली, तीही भयंकर वाढलेली. त्याची फिल्म अगदी स्वच्छ होती. आजार वहीत सापडला होता.

खाण्याचे आजार असतात हे मला त्या खोलीतच कळलं, पण अर्धवट. कुम्हारीच्या बाजूच्या एका खेड्यातली बाई पोटदुखी घेऊन आली होती. फिल्मवर आतडीभर पांढरे ठिपके उमटले. नवा डॉक्टर माझ्यावरच घसरला, "इसको बेरियम किसने पिलाया?" बेरियम म्हणजे पोटाचा फोटो काढण्याआधी पाजतात ते पांढरं औषध. मी बाईंना विचारलं.

त्या पदर सावरत म्हणाल्या, "बेरियम-सेरियम नइ जानंव बाबू. छुही खाथंव थोरकिन. पानी परथे त सोंधी-सोंधी महकथे."

छुही म्हणजे इकडे भिंती लिपायची पांढरी माती, पाऊस पडला की तिला सुवास सुटतो म्हणून त्या ती थोडीथोडी खात. दारातून तिची सासू ओरडली, "भिथिया ला चांट-चांट के खिया डारे हे!" म्हणजे भिंत चाटून चाटून झिजवली. आम्ही सगळे हसलो. रक्त तपासलं तर अंगात लोह जवळपास नव्हतंच. औषध सुरू झालं आणि काही महिन्यांत तिची मातीची ओढ गेली.

अन्न समोर असताना माणूस ते ठरवून नाकारत जातो, असाही आजार असतो, हे मात्र मला माहीत नव्हतं. ज्या घरात मी वाढलो तिथे न जेवणं हा आजार नव्हता, महिनाअखेर होती.

पुढे डिजिटल मशीन आलं. डार्करूम बंद झाली, हातांना येणारा रसायनांचा वास गेला. पडद्यावर माणसाचं चित्र निवडायचं, लहान, मध्यम की मोठा, आणि बटण दाबायचं. जोर थोडा इकडेतिकडे झाला तरी मशीन फोटो स्वतः सावरून घेतं. आम्ही खूश होतो. कॅलिपर खणात गेलं, वह्या कपाटावर गेल्या. एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही. बारीक माणसाचा आकडा चुकला की जुनी फिल्म काळी पडून ओरडायची. नवं मशीन ओरडत नाही. ते जाड्याचा आणि वाळलेल्याचा फोटो सारखाच देखणा काढून देतं.

त्या मुलीला मी इथे पल्लवी म्हणतो. नाव आणि ओळखीच्या काही खुणा बदलल्या आहेत. लिहिण्याची परवानगी तिनंच दिली, एका अटीवर, की तिचे आकडे छापायचे नाहीत. ती अट मी पाळली आहे.

तिचे वडील पोलादाच्या प्लांटमध्ये, क्वार्टर सेक्टर सहाला, मूळ घर भंडाऱ्याकडचं. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी ती कोचिंगला जायची आणि सकाळ-संध्याकाळ ग्राउंडवर धावायची. मे महिन्यात आईसोबत आली. उजव्या जांघेत दुखत होतं, हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे लिहून दिला होता. भिलाईचा मे म्हणजे सायकलची सीटसुद्धा चटका देते, आणि पोरीच्या अंगात स्वेटर.

"गाऊन घालावा लागेल," मी म्हणालो.

"अंकल, मेटल काहीच नाही ना. असंच घ्या ना, प्लीज. मला थंडी वाजते."

आमच्या सिस्टर त्या दिवशी रजेवर होत्या आणि बाहेर रांग होती. मी ऐकलं. टेबलावर ती आडवी झाली तेव्हा मनगटं दिसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "अवो पल्लवीबाई, खात जा जरा. पंखा फुल केला तर उडून जाशील."

ती हसली. आई म्हणाली, "अभ्यासाचं टेन्शन आहे हो भाऊ. डबा तर पूर्ण संपवते, रिकामा आणते घरी."

पडद्यावर "मध्यम" दाबलं. फोटो सुरेख आला, हाडं सरळ. रिपोर्टमध्ये काही दोष नाही असं आलं, आणि फोटोत खरंच काही नव्हतं. ती गेली.

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं बन्सोड काका डोळे दाखवायला इस्पितळात आले. निवृत्तीनंतर ते आमगावजवळ गावी राहत होते. मोतीबिंदू पिकला होता, तरी भिंत चाचपत माझ्या खोलीत आले, स्टुलावर बसले आणि सवयीनं खण उघडला. हाताला कॅलिपर लागलं.

"हे कावून खणात ठेवलं?"

"आता लागत नाही काका. मशीन आपोआप करते."

"काय करते?"

"सगळंच. जाडी-बिडी मोजाची गरजच नाही."

"मशीन फोटो काढते. माणूस मागच्या टाइमपेक्षा किती उरला, हे कोन पाहते?"

"त्याच्यासाठी डॉक्टर आहेत."

"डॉक्टरपाशी दोन मिनिटं असते. तुह्यापाशी तो अंगावरचे कपडे काढून उभा राहते, गा!" त्यांनी कॅलिपर माझ्या मांडीवर टाकलं. "मी शिकवलेला पोट्टा असा आळशी निघन असं वाटलं नव्हतं."

चहा न पिता गेले. मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण कॅलिपर पुन्हा खणात टाकवेना.

त्याच आठवड्यात पल्लवी एकटीच आली. कोचिंगमध्ये तिला चक्कर आली होती, तपासण्यांत छातीचा एक्स-रे होता. लंगडत होती, तरी म्हणाली, "अंकल, जल्दी करा ना. ग्राउंडवर जायचं आहे." या वेळी सिस्टर होत्या. त्यांनी तिला आत नेऊन गाऊन घातला. बाहेर येऊन त्यांनी खुर्चीवरचे कपडे मला दाखवले. स्वेटर, त्याखाली एकावर एक तीन कुर्ते.

काकांचे शब्द कानात होते. मी कॅलिपर घेतलं, तिची छाती मोजली आणि जुन्या सवयीनं आकडा मोठ्यानं बोललो.

ती लगेच वळली. "किती? आधी किती होता?"

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या कॅम्पच्या दाखल्यासाठी तिचा फिल्मवर एक्स-रे झाला होता, मीच काढला होता. कपाटावरची वही काढली, नाव सापडलं. जुना आकडा आताच्यापेक्षा तीन बोटं जास्त होता. ज्या वयात मुली भरतात त्या वयात ही तीन बोटं आटली होती. मी न विचार करता तो आकडाही वाचून दाखवला.

आणि ती हसली. निकाल लागल्यावर, यादीत वर नाव दिसल्यावर मुलं हसतात तशी. मे महिन्यात माझ्या पंख्याच्या विनोदावर ती अशीच हसली होती. मी तिला टोमणा मारला असं मला वाटत होतं. तिनं तो शाबासकी म्हणून घेतला होता.

टेक्निशियननं निदान सांगायचं नसतं. ते डॉक्टरांचं काम, आणि तसंच असायला हवं. पण फोटो काढून झाला होता, ती बूट चढवत होती आणि ग्राउंडवर निघाली होती. आमच्या धंद्यात एक ठरलेलं खोटं आहे. पेशंटला थांबवायचं असलं की म्हणायचं, "फोटो हलला, पुन्हा घ्यावा लागेल." काकांनी ते मला कधी बोलू दिलं नाही. ते म्हणायचे, हलला तर आपली चूक, नाही हलला तर आपलं खोटं. त्या दिवशी मी ते बोललो. "पल्लवी, फोटो हलला. थांब, पाच मिनिटं. जाऊ नको." आणि वही घेऊन रेडिओलॉजिस्ट मॅडमच्या खोलीकडे जवळजवळ धावत गेलो.

मॅडम ओडिशाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी वही पाहिली, मग छातीचा फोटो स्वतः उघडला. त्यांनी दाखवल्यावर मला दिसलं. हृदय अरुंद, फुप्फुसांच्या मधोमध लोंबत्या थेंबासारखं. बरगड्यांवर चरबीची सावली जवळपास नाहीच.

"भूखा शरीर पहले चर्बी खाता है," त्या म्हणाल्या, "फिर मसल. दिल भी मसल ही है ना, दिनेश. हड्डी का नंबर भी आता है." मग मे महिन्यातला कमरेचा फोटो उघडला. "इसमें तो कुछ नहीं है. अब भी दर्द है?"

"लंगडत आहे, मॅडम. आणि पळायला चालली आहे."

मॅडम उठल्याच. "उसको चलने भी मत दो. व्हीलचेअर लाओ."

हाडाला बारीक चीर पडते तेव्हा सुरुवातीला ती साध्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसते. आमच्याकडे एमआरआय होता. मांडीचं हाड खुब्यापाशी जिथे मान काढतं, तिथे एक काळी रेघ अर्ध्याहून अधिक आत गेलेली होती. आणखी काही दिवस ती धावली असती तर मान तुटून वेगळी झाली असती, आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर तो मरतो. हाडाची घनता नंतर दुसरीकडे मोजली. मॅडम म्हणाल्या, सत्तरीच्या बाईचं हाड आहे.

आईवडील आले. मुलगी ठरवून उपाशी राहते, हा मनाचा आजार आहे, असं मॅडमनी सांगितल्यावर वडील त्यांच्यावर चिडले. "पोट्टी कोचिंगमध्ये पहिली येते, अन् तुम्ही म्हणता डोक्याचा आजार आहे? दोन टाइमचा डबा जाते तिचा! रिकामा येते डबा!"

तेव्हा व्हीलचेअरवरून पल्लवी खाली पाहत म्हणाली, "बाबा, डबा गाय खाते. चौकातली. लाल गाय."

सेक्टरांत गाई रस्त्यावर बसलेल्या असतातच, त्यातल्या एका लाल गाईला पोळी-भाजीचा डबा दोन वेळा मिळत होता. आई भिंतीला टेकली आणि हळूच म्हणाली, "मी रोज घासत होते तो डबा." वडिलांनी डोळ्यांवर हात घेतला. थोड्या वेळानं त्यांनी मॅडमना विचारलं, "आता काय कराचं, सांगा."

खुब्यात स्क्रू घालावे लागले. मे महिन्यात कळलं असतं तर नुसत्या विश्रांतीवर भागलं असतं का, हे मी मॅडमना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "शायद." हा शब्द माझ्याजवळ राहिला आहे. तेव्हा गाऊन घालायला लावला असता, कॅलिपर लावलं असतं, तीन बोटं नाही तरी दोन नक्की सापडली असती.

पुढचे महिने रायपूरच्या मानसोपचार डॉक्टरांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे गेले. एकदम खूप खाऊ घालणंही अशा वेळी धोक्याचं असतं, म्हणून जेवण मोजून, रक्ताच्या तपासण्या करत करत वाढवलं. ती दोनदा पुन्हा घसरली. धावण्याचे बूट आईनं कपाटाला कुलूप लावून ठेवले. हाड जुळतं आहे का हे पाहायला ती माझ्याकडे यायची. मी तिला कधी किती बारीक, किती भरलेली, काही बोललो नाही. पंख्याचा विनोद मी आता कोणत्याच पेशंटला करत नाही.

गेल्या वर्षी ती आली त्या संध्याकाळी मी काकांना पत्र लिहिलं. फोन केला असता तर दोघंही काही बोललो नसतो. घरच्या बोलीत लिहिलं होतं, तसंच इथे उतरवतो.

आदरणीय काका,

जयभीम. डोळ्याचं ऑपरेशन बरं झालं हे समजलं, म्हणून हे पत्र तुमी सोता वाचान. दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका.

तुमी कॅलिपर मांडीवर फेकलं तवा मले राग आला होता. त्याच आठवड्यात त्या कॅलिपरनं एक पोट्टी चालत राहिली. तिची गोष्ट तुमाले भेटल्यावर सांगन. वही पुन्हा सुरू केली आहे. नवे पोट्टे हसतात, म्हणतात सर डिजिटलमध्ये काहाले मोजता. मी म्हणतो, माह्या गुरूचा हुकूम आहे.

पन दोन गोष्टी तुमी शिकवल्या तशा केल्या नाहीत, त्या कबूल करतो. एक, मी खोटं बोललो की फोटो हलला. नव्हता हलला. दुसरी, मी आता आकडा ओरडत नाही. मोजतो, गुपचूप वहीत लिहितो, अन् कमी दिसला तर डॉक्टरलेच दाखवतो. काही लोकाईले आपला आकडा ऐकवणं म्हणजे जहर देणं असते, हे तुमालेही माहीत नव्हतं अन् मलेही. तुमाले राग आला तर या, अन् पुन्हा खण उघडून रागवा. चहा मात्र पिऊन जा.

आज ती पोट्टी तपासाले आली होती. काठी नाही, स्वेटर नाही. सोबत डबा होता, बाहेर बाकावर बसून अर्धा खाल्ला, अर्धा सिस्टरले देला. मी कॅलिपर लावलं, पाहिलं, लिहिलं. ती कपडे घालून आली, वही टेबलावर उघडीच होती, तिच्या हाताजवळ. तिनं वहीकडे पाहिलं नाही. म्हणाली, "झालं ना अंकल? जाऊ?" अन् गेली.

किती झाले हे तिनं विचारलंच नाही, काका.

तुमचा,
दिनेश